आधी सांगून बघितलंत का?

“बापाला मार. आधी बापाला. पोरांना हात लावू नकोस, ती मेलेलीच आहेत. बाप गेला की त्यांचं आपोआप होईल सगळं.”

डेक्कन क्वीननं खडकी मागं टाकली होती आणि मी फोनवर हे बोलत होतो. तेही जरा मोठ्यानं, कारण पलीकडे रात्रपाळीचा नवा मुलगा होता आणि त्याला ऐकू कमी येतंय की त्याचा धीर कमी पडतोय, हे कळायला मार्ग नव्हता. “गेला? छान. आता तो एक उरलाय ना, जिवंत, त्याला नऊ नंबर घाल. नऊ रे, नऊ! पंधरानं काय होणार त्याला?”

फोन ठेवला तेव्हा डब्यात शांतता पसरली होती. कटलेटवाला ट्रे डोक्यावर धरून जागच्या जागी थांबला होता. माझ्या शेजारी सत्तरीच्या एक आजी होत्या, मांडीवर स्टीलचा डबा, पलीकडे खिडकीशी सातेक वर्षांचा नातू. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मारण्याबद्दल त्यांची फारशी तक्रार दिसली नाही. घाईबद्दल होती.

“आधी सांगून बघितलंत का?”

“कुणाला?”

“त्याला हो. ज्याला नऊ नंबर घालायला निघालात. एकदम कशाला? आधी तोंडानं सांगावं. काही समजूतदार असतात.”

मी घाईघाईनं खुलासा केला की हे कॉम्प्युटरचं आहे. चालू प्रोग्राम बंद करायच्या गोष्टी आहेत. “ते कळलंच मला,” आजी म्हणाल्या. “खऱ्या पोरांना मारणारा माणूस गाडीत चार्जर लावून बसत नाही.”

आता गंमत अशी की आजींनी विचारलेला प्रश्न हा ऑपरेटिंग सिस्टिम नावाच्या शास्त्रातला अगदी कळीचा प्रश्न आहे, आणि पंचवीस वर्षं याच धंद्यात असून तो मी त्या सकाळी स्वतःला विचारला नव्हता. १९६९ साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स रचायला घेतली. तिच्यात ‘किल’ नावाचा एक हुकूम आहे. नावावरून वाटतं हा खाटीक असावा. प्रत्यक्षात तो पोस्टमन आहे. प्रोग्रामच्या दारात जातो आणि एक आकडा टाकून येतो. नुसतं ‘किल’ म्हटलं, आकडा सांगितला नाही, तर तो स्वतःच्या मनानं पंधरा नंबर टाकतो. पंधराचा अर्थ, “बाबा रे, आवर आता.” प्रोग्रामला ते पत्र वाचता येतं. शहाणा असेल तर तो उघड्या फाइली मिटतो, अर्धवट लिहिलेलं पूर्ण करतो, कुलपं काढतो, आणि मग स्वतःच्या पायानं जातो. पत्र वाचून केराच्या टोपलीत टाकायचीही त्याला मुभा आहे.

दोन नंबर म्हणजे आपण कीबोर्डवर कंट्रोल आणि सी दाबतो तो: समोर बसलेल्या माणसानं “ए, पुरे” म्हटल्यासारखा. एक नंबर म्हणजे ‘फोन कटला’. हा फोनच्या तारेवरून कॉम्प्युटर चालवायच्या काळातला. लाइन तुटली की प्रोग्रामला कळवायचं की तुझा माणूस गेला, आता तूही नीघ. पुढं पडद्यामागं अहोरात्र चालणाऱ्या प्रोग्रामांना फोन असा उरलाच नाही, तेव्हा त्यांनी एक नंबरचा अर्थ परस्पर बदलून घेतला: “नियमांचा कागद बदललाय, पुन्हा वाच.” फोन आपटला की नियम बदललेत असं समजायचं, ही रीत आमच्या घराण्यात फार जुनी आहे, युनिक्सवाल्यांनाही सुचली याचा आनंद झाला.

आणि नऊ. हे पत्र नव्हेच. ते प्रोग्रामच्या हातात पडतच नाही. त्याला ते अडवता येत नाही, ऐकलं नाही असं म्हणता येत नाही, “दोन मिनिटं” म्हणता येत नाही. तो पुढची ओळ चालवायला जातो आणि ओळ नसते.

“मग तुम्ही नऊच का सांगितलंत?” आजी.

मी म्हटलं, सवय. या प्रश्नाला आमच्या धंद्यातल्या नव्व्याण्णव लोकांचं हेच उत्तर आहे, उरलेला एक खोटं बोलतो. नऊ टाकलं की प्रोग्रामनं घेतलेली मेमरी सिस्टिम परत घेते, उघड्या फाइलीही मिटते, एवढी सोय आहे. पण डिस्कवर त्यानं ठेवलेली ‘आत मी आहे’ अशी पाटी तशीच राहते. मग दुसऱ्या दिवशी त्याचाच नवा अवतार येतो, पाटी वाचतो, “आत कुणीतरी आहे वाटतं” म्हणून अदबीनं बाहेरच उभा राहतो, आणि सकाळी साडेसातला मला फोन येतो.

“आणि ती मेलेली पोरं?”

आजींचं लक्ष सगळीकडे होतं. युनिक्समध्ये प्रत्येक प्रोग्रामला कुणीतरी जन्म दिलेला असतो, त्याला बाप म्हणतात. (इंग्रजीत ‘पालक’ म्हणतात, पण फोनवर ओरडताना पालक म्हटलं की भाजी आठवते.) पोर संपलं की ते कसं संपलं याची एक नोंद मागं राहते, आणि ती बापानं येऊन विचारून घ्यायची असते. बापानं विचारलं नाही तर ते पोर धड जिवंत नाही, धड गेलेलं नाही, असं यादीत लटकत राहतं. त्याला झाँबी म्हणतात. त्याला नऊ मारा, नव्वद मारा, काही होत नाही. मेलेल्याला काय मारणार?

“म्हणजे पिंडाला कावळा शिवलेला नाही,” आजी म्हणाल्या.

मी गप्पच झालो. झाँबी म्हणजे काय हे समजवायला मी ट्रेनिंगमध्ये बारा स्लाइड दाखवतो. आता एकच ठेवणार आहे, तिच्यावर कावळा. आणि यावरचा उपायही आजींच्याच वळणाचा आहे. बाप जबाबदारी घेत नसेल तर बापाला घालवा. मग ती सगळी पोरं यादीतल्या एक नंबरच्या मूळपुरुषाकडे दत्तक जातात. हा मशिन सुरू होताना सगळ्यांच्या आधी उठतो, आणि याचं एक मुख्य काम म्हणजे कुणाचीही पोरं आली तरी त्यांचं रीतसर करून यादी मोकळी करणं. म्हणून मी “आधी बापाला” म्हणत होतो. हे ऐकल्यावर पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पेपरात घातली. निर्दोष सुटल्यासारखं वाटलं मला.

“आजी, दादर आलं?” नातवानं विचारलं. गाडी तळेगावात होती.

हा प्रश्न त्यानं देहू रोडलाही विचारला होता. पुढं कामशेतला विचारला, मळवलीला विचारला. शेवटी आजी म्हणाल्या, “आलं की मी सांगेन. तोवर तू खेळ.” आणि माझ्या मनात आलं, अरे, हे दोन वाक्यांत झालं! सुरुवातीच्या कॉम्प्युटरांचं या नातवासारखंच होतं. कागदावर टोचे पाडणारं यंत्र असो की टाइपरायटर, प्रोसेसर दर थोड्या वेळानं त्याच्या दाराशी जाऊन “झालं का? झालं का?” विचारायचा आणि त्यातच त्याचा दिवस जायचा. मग सुचलं की त्यानं आपलं काम करावं, आणि यंत्राचं झालं की यंत्रानंच येऊन टोकावं. याला इंटरप्ट म्हणतात. ऐकायला सोपं आहे. पण एड्सगर डाइक्स्ट्रासारखा माणूस यानं घाबरला होता.

डाइक्स्ट्रा तेव्हा अॅम्स्टरडॅमला होते. १९५७ साली लग्नाच्या नोंदणीत त्यांनी व्यवसाय ‘प्रोग्रामर’ लिहिला, तेव्हा नगरपालिकेनं असा काही व्यवसायच नसतो म्हणून तो खोडला आणि त्यांना सैद्धान्तिक भौतिकशास्त्रज्ञ म्हणून बोहल्यावर चढावं लागलं. (आपल्याकडे उलट झालं असतं. सैद्धान्तिक भौतिकशास्त्रज्ञाला मुलगी कोण देतो?) तर त्यांच्या सहकाऱ्यांनी, लोपस्ट्रा आणि स्कोल्टन यांनी, एक्स-१ या नव्या मशिनला इंटरप्टची सोय करायचं ठरवलं. डाइक्स्ट्रांच्या पोटात गोळा आला. आजवर प्रोग्राम चुकला तर तीच चूक पुन्हा करून दाखवता यायची. आता कुणीही, कधीही, कुठल्याही दोन ओळींच्या मधे येऊन टोकणार. म्हणजे चूक एकदा होणार आणि पुन्हा बोलावलं तर येणार नाही. त्यांनी निर्णय लांबवत ठेवला. अखेर सहकाऱ्यांनी तुमच्याशिवाय हे कुणाला जमणार अशी त्यांची स्तुती सुरू केली आणि गडी कबूल झाला. त्याच कामावर १९५९ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. हरभऱ्याच्या झाडावर चढवल्यानं शास्त्र पुढं गेल्याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

त्यांची भीती मात्र खरी होती. टोकायला हरकत नाही. टोकलं तेव्हा समोरचा नेमकं काय करत होता, यावर सगळं आहे. समजा, प्रोग्राम सिस्टिमकडे काही मागायला गेलाय, काम अर्धं झालंय आणि मधेच टोकणारा आला. आता काय? रिचर्ड गेब्रिएल यांच्या १९९१ मधल्या एका निबंधात याच प्रश्नावर दोघांचं बोलणं आहे, एक एमआयटीचा, एक बर्कलीहून आलेला युनिक्सवाला. एमआयटीवाल्याचं मत, सिस्टिमनं सगळं निस्तरावं. प्रोग्रामला आपल्याला कुणी टोकलं होतं याचा पत्ताही लागू नये. युनिक्सवाला म्हणाला, आम्ही सरळ सांगतो की काम झालं नाही, गरज असेल तर पुन्हा या. एमआयटीवाल्याला हे अजिबात पटलं नाही. मला मात्र हा युनिक्सवाला कुठंतरी भेटलेला आहे. दाखला घ्यायला गेलो होतो तेव्हा खिडकीपलीकडे तोच होता, अर्ज अर्धा भरून घेतला, साहेबांनी बोलावलं म्हणून उठला, आणि परत येऊन माझा अर्ज मलाच देत म्हणाला, “पहिल्यापासून सांगा.” त्याच्याकडे रांग मोठी असते आणि तरी जग त्याच्याच पद्धतीनं चालतं. गेब्रिएल यांचाही निष्कर्ष साधारण असाच आहे.

लोणावळ्यानंतर घाट लागला आणि बोगद्यात रेंज गेली. बाहेर आलो तर फोनवर चार निरोप: “सर नऊ मारलं. मरत नाही.” “सर परत मारलं.” “सर रूट म्हणून मारलं.” “सर?”

यालाही कारण आहे, आणि ते मी आजींना सांगणार नव्हतो, कारण नऊ कुणालाच चुकत नाही असं आत्ताच सांगून बसलो होतो. पण त्यांनी निरोप वाचला होता. झालं होतं असं की तो प्रोग्राम दूरच्या एका स्टोरेजकडून फाइल मागून बसला होता, आणि स्टोरेज उत्तर देत नव्हतं. अशा वेळी प्रोग्राम सिस्टिमच्या पोटात, तिच्याच कामात अडकून झोपलेला असतो, आणि ती झोप मोडायची परवानगी कुणालाच नसते. यादीत त्याच्यासमोर इंग्रजी डी हे अक्षर येतं. नऊ नंबर दारात पडून राहतो. प्रोग्राम जागा होईल तेव्हा लागू होईल.

“म्हणजे यम आलाय,” आजी म्हणाल्या, “पण माणूस तलाठ्याकडे टोकन घेऊन बसलाय.”

“तसंच.”

“मग यमाला थांबावं लागेल.”

दरम्यान नातवाचा मोबाइल. कर्जतच्या अलीकडे आजींनी त्याला पहिल्यांदा सांगितलं, “पुरे आता, राजा.” राजानं “हो” म्हटलं. हे ‘हो’ मी ओळखतो; पत्र मिळाल्याची पोच असते ती, अंमलबजावणी नव्हे. नेरळला आजींनी त्याला पूर्ण नावानं, वडिलांच्या नावासकट हाक मारली. “लेव्हल संपली की ठेवतो.” आता पाहा, याचं म्हणणंही खोटं नव्हतं. कुणी मधे असताना किती वेळ द्यायचा, हाच तर सगळा वाद आहे. लिनक्सवर कारभार पाहणारी सिस्टिमडी पंधरा नंबर देऊन, कुणी काही वेगळं सांगितलं नसेल तर, ९० सेकंद थांबते आणि मग नऊ. प्रोग्राम सांभाळणारे बाकीचे कारभारी आणखी घाईचे: कुबरनेटीस ३० सेकंद देतं, डॉकर १०. विंडोज तर ५ सेकंद खिडकी हलली नाही की तिच्या कपाळावर ‘प्रतिसाद देत नाही’ असं लिहून मोकळी होते. पाच सेकंद! आमच्याकडे लग्नाची बोलणी चालू असताना मुलीनं पाच मिनिटं प्रतिसाद दिला नाही तर त्याला होकार म्हणतात.

“दहा सेकंदांत माणसाला स्वतःच्या चपला सापडत नाहीत,” हे आजींचं डॉकरविषयी मत. मला ते मान्य आहे. मराठी माणूस “बरं, निघतो” म्हणतो तो पंधरा नंबर. त्यानंतर उठायला दहा मिनिटं, उभ्यानं बोलण्याची पंधरा, “अहो, कुंकू लावते थांबा” याची पाच, आणि उंबऱ्याशी, एक पाय चपलेत असताना, ज्या विषयासाठी आला होता तो विषय. तो सांगून झाला की “येतो” म्हणायचं. जातो म्हणायचं नाही. दहा सेकंदांनी नऊ नंबर मारला तर मूळ विषय पोटातच राहायचा. उलट बाजूही आहे. मशिन बंद करताना स्क्रीनवर ‘अमुक काम थांबण्याची वाट पाहतोय’ असं लिहून आलं आणि ९० सेकंद मोजत बसावं लागलं, की माझ्यातला यजमान जागा होतो आणि मी बटण दाबून धरतो. पाहुणा असताना ९० सेकंद कमी वाटतात, यजमान असताना जास्त.

दाबून धरायच्या बटणांवरून आठवलं. वर पाहिलं तर साखळी दिसली. विनाकारण ओढली तर हजार रुपयांपर्यंत दंड किंवा वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही. कॉम्प्युटरवर दंड लावता येत नाही म्हणून आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडली यांनी दुसरी युक्ती केली. १९८१ च्या पीसीसाठी, मशिन नव्यानं सुरू करायला त्यांनी आधी निवडलेल्या तीन कळा डाव्या एका हातानं दाबल्या जायच्या. चुकून धक्का लागला की सगळं गेलं. मग त्यांनी कंट्रोल, आल्ट आणि डिलीट घेतल्या, ज्यांना दोन हात लागतात. चुकून दोन हात जोडले जात नाहीत, हा त्यामागचा विचार. पुढं ते तिन्ही देव जगभर रोज पुजले गेले.

साखळीबद्दल एक गोष्ट फार लोकांना ठाऊक नसते. ती इंजिन बंद करत नाही. ती ब्रेकच्या नळीतली हवा सोडते. हवेचा दाब आहे तोवर ब्रेक उघडे. दाब गेला, मग तो साखळीनं जावो की नळी फुटून, ब्रेक लागतात. म्हणजे मोडणं आणि थांबणं यांचा रस्ता एकच. २००३ साली स्टॅनफर्डच्या जॉर्ज कँडिया आणि आर्मांडो फॉक्स यांनी सॉफ्टवेअरसाठी हेच मांडलं: प्रोग्राम बंद करायचा सभ्य मार्ग आणि कोसळण्याचा मार्ग असे दोन ठेवूच नका. तो केव्हाही कोसळला तरी चालेल असाच बांधा, मग बंद करणं म्हणजे पाडणं. मला हे वाचून नवल वाटलं नाही. माझं कॉलेज लोडशेडिंगच्या काळातलं आहे. वीज मंडळानं पंधरा नंबर कधी पाठवला नाही, थेट नऊ. आमच्या पिढीचं बोट म्हणून दर ओळीनंतर आपोआप सेव्हवर जातं. मागं मी हातानं पत्र लिहिलं तेव्हाही सहीच्या आधी बोट हललं.

बदलापूरला आजींनी नऊ नंबर घातला. काही न बोलता नातवाच्या हातातला मोबाइल घेतला, बाजूचं बटण दाबून बंद केला आणि पिशवीत टाकला. नातवानं असा टाहो फोडला की कटलेटवाला दुसऱ्यांदा थांबला. “माझी लेव्हल गेली! सगळं गेलं!” उल्हासनगरपर्यंत हे चाललं. मग पोराचं तोंड पाहवेना म्हणून आजींनीच मोबाइल काढून चालू केला. खेळ उघडला. लेव्हल होती तिथंच होती. राक्षस हवेत, तलवार अर्ध्यावर.

यात खेळ बनवणाऱ्याचा मोठेपणा आहेच, पण धाक मोठा आहे. मोबाइलवर मेमरी अपुरी पडली की अँड्रॉइड मागं गेलेल्या प्रोग्रामांना न सांगता संपवते. त्यामुळे नियमच असा की पडद्याआड जायची वेळ आली की होतं तेवढं लगेच नोंदवून ठेवायचं, परत बोलावतील याची खात्री धरायची नाही.

“होतं की सगळं,” आजी नातवाला म्हणाल्या. “मग रडलास कशाला?”

नातवाकडे उत्तर नव्हतं. तो मेला नव्हता, खेळ मेला नव्हता, आणि त्यानं तर सूतक धरलं होतं.

कल्याण गेल्यावर आजी उठल्या. दादर अजून बरंच लांब होतं. त्यांनी डबा पिशवीत घातला, पाण्याची बाटली वर, चष्मा डबीत, तिकीट ब्लाउजात, नातवाच्या बुटांच्या नाड्या. मग त्या नातवाला घेऊन दरवाजाकडे सरकल्या. मी म्हटलं, “आजी, आत्तापासून?” त्या म्हणाल्या, “दादरला गाडी दोन मिनिटं थांबते. ती काही मला सांगून सुटणार आहे का?”

ठाण्याला फोन वाजला. “सर, गेला! आपोआप!” स्टोरेजची सैल झालेली केबल कुणीतरी दाबून बसवली होती. फाइल आली, प्रोग्राम जागा झाला, दारात पडलेला नऊ नंबर त्याला लागला. मी त्याला पाटी काढायची कशी, नवा प्रोग्राम सुरू करायचा कसा, आणि यापुढं आधी पंधरा, मग ३० सेकंद, मग नऊ, हे नीट, क्रमानं, उदाहरणं देऊन सांगितलं. मधे कुर्ला गेलं. “आधी सांगून बघायचं,” मी म्हटलं, “काही समजूतदार असतात,” आणि मान वर केली तर गाडी थांबलेली, खिडकीबाहेर दादर, आणि प्लॅटफॉर्मवर आजी मला हातानं खुणावत होत्या, उतरा, उतरा.

मी उतरलो. लॅपटॉप काखेत उघडाच होता, एका बुटाची नाडी सुटलेली. चार्जर सीटच्या प्लगला लावलेला होता. तो सीएसएमटीला गेला.